‘किरकोळ जखमी’ म्हणजे किती जखमी?



आज आपण एका शब्दाचा इतिहास ऐकणार आहोत. शब्द अगदी रोजचा आहे, ‘किरकोळ’. किरकोळ भांडण, किरकोळ खर्च, किरकोळ विक्री. आणि महामार्गावर दोन गाड्या आदळल्या की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात येतं, ‘तीन महिला किरकोळ जखमी’. आपण वाचतो, वाचल्या बिचाऱ्या म्हणून हात जोडतो आणि पान उलटतो.

पण पेपरवाल्यांनी हा शब्द मनाने लिहिलेला नसतो. तो पोलिसांच्या कागदावरून आलेला असतो. ‘हयगयीने व भरधाव वेगाने वाहन चालवून किरकोळ व गंभीर दुखापतीस कारणीभूत’ असं वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. डॉक्टरांच्या दाखल्यात जखम साधी की गंभीर हे लिहिलेलं असतं, वकिलाच्या अर्जात ते उतरतं आणि शेवटी विम्याच्या पैशांचा हिशेब त्यावर होतो. आजच्या कायद्यात या एका शब्दाने अडीच लाख रुपयांचा फरक पडतो. म्हणून हा शब्द आला कुठून, कुणी ठरवला आणि ठरवताना आपल्यासारख्या बाईचा विचार केला होता का, हे समजून घेऊ.

कासूच्या बायांना रस्ता काही नवा नाही. पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या चौपदरीकरणाचे सरकारी कागदात दोन टप्पे झाले, पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर. म्हणजे आपल्या गावाचं नाव त्या कामाच्या बरोबर मध्यावर आहे. २०११ च्या सुमारास काम सुरू झालं. राष्ट्रीय महामार्ग १७ चा ६६ झाला, पण पुढे वर्षानुवर्षं खड्डे, वळणं आणि अर्धवट पूल हेच वाट्याला आलं. या रस्त्याने आपण पेणच्या बाजाराला जातो, गणपतीच्या कारखान्यात जातो, नागोठण्याला, दवाखान्यात, माहेरी जातो. कधी एसटीने, कधी मिनीडोरने, कधी मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून. तेव्हा अपघाताचा कायदा हा शहरातल्या गाडीवाल्यांचा विषय नाही, आपलाही आहे.

शब्द जन्मला तेव्हा मोटार नव्हती

जखमेचे दोन भाग पाडणारी रेघ मोटारीपेक्षा जुनी आहे. इंग्रजांच्या काळात लॉर्ड मेकॉले यांच्या अध्यक्षतेखाली कायदा आयोग नेमला गेला. त्या आयोगाने १८३७ साली फौजदारी कायद्याचा मसुदा दिला. तो बरीच वर्षं पडून राहिला. १८५७ चं बंड होऊन गेलं आणि १८६० साली भारतीय दंड संहिता मंजूर झाली. १ जानेवारी १८६२ पासून ती लागू झाली.

त्या संहितेच्या कलम ३१९ मध्ये ‘दुखापत’ म्हणजे काय ते सांगितलं आणि कलम ३२० मध्ये ‘जबर दुखापत’ म्हणजे काय ते. जबर दुखापतीचे आठ प्रकार मोजून दिले. पुरुषत्व जाणं. एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणं. एका कानाने ऐकू येणं कायमचं बंद होणं. एखादा अवयव किंवा सांधा गमावणं. अवयवाची किंवा सांध्याची शक्ती कायमची जाणं किंवा कमी होणं. डोकं किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणं. हाड किंवा दात मोडणं किंवा निखळणं. आणि आठवा प्रकार असा, की जिवाला धोका होईल अशी दुखापत, किंवा वीस दिवस तीव्र वेदना होतील अथवा वीस दिवस माणसाला आपले नेहमीचे व्यवहार करता येणार नाहीत अशी दुखापत.

या आठांत जे बसतं ते जबर, म्हणजे बोलीत गंभीर. जे बसत नाही ते साधं, म्हणजे किरकोळ.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, ही यादी औषधोपचारासाठी केलेली नाही आणि भरपाईसाठी तर नाहीच. मारणाऱ्याला तुरुंगात किती दिवस ठेवायचं, हे ठरवायला ती केली होती. हाणामारीचे गुन्हे डोळ्यांपुढे ठेवून केलेली ती यादी आहे. दुसरी गोष्ट, यादी सुरू होते पुरुषाच्या शरीरापासून. बाईच्या गर्भाशयाला झालेल्या इजेचा वेगळा उल्लेख त्या आठांत कुठेच नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११६ मध्ये हीच आठ प्रकारांची यादी जवळपास जशीच्या तशी आहे. मोठा बदल एकच झाला, वीस दिवसांचे पंधरा दिवस झाले. हे पंधरा दिवस आपल्या फार कामाचे आहेत. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

विमा सक्तीचा झाला

मोटारी वाढल्या तसे अपघात वाढले. इंग्लंडमध्ये १९३० च्या कायद्याने गाडीमालकावर विम्याची सक्ती आली. कल्पना सोपी होती. गाडीने दुसऱ्याला इजा केली आणि मालकाकडे पैसे नसले तर जखमी माणसाने काय करायचं? म्हणून गाडी रस्त्यावर आणायची तर दुसऱ्यांच्या नुकसानीचा विमा आधी काढायचा. त्यालाच आपण आज ‘थर्ड पार्टी’ म्हणतो. हा विमा गाडीवाल्याच्या सोयीसाठी नाही, रस्त्यावरच्या तुमच्या-माझ्यासाठी आहे.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९३९ साली झाला, पण त्यातलं विमासक्तीचं प्रकरण लागू व्हायला १ जुलै १९४६ उजाडला. तेव्हाही भरपाई मागायची तर दिवाणी कोर्टात दावा लावावा लागे. गरीब घराला ते झेपत नसे. १९५६ साली दुरुस्ती झाली आणि मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं स्थापण्याची सोय झाली. आपल्या जिल्ह्याचं असं न्यायाधिकरण अलिबागला आहे. पूर्वी अपघात जिथे झाला तिथेच दावा लावावा लागे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर जखमी व्यक्ती आपण राहतो त्या भागातही दावा लावू शकते. म्हणजे कासूची बाई पुण्याजवळ जखमी झाली तरी तिला तारखांसाठी पुण्याला खेटे घालायची गरज राहिली नाही.

पण एक अट सुरुवातीपासून होती. समोरच्या चालकाची चूक होती हे दाखवावं लागे. मागच्या सीटवर डुलकी लागलेल्या बाईला चूक कुणाची हे कसं कळणार? धडक देऊन गाडी पळून गेली असेल तर कुणाविरुद्ध बोलणार?

किरकोळ जखमेची किंमत

ही अडचण ओळखून १९८२ साली कायद्यात मोठी सुधारणा झाली. चूक कुणाचीही असो, ठरावीक रक्कम द्यायचीच, असं तत्त्व आलं. मृत्यूला १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात गाडीसाठीही निधी उभा राहिला. त्यातून मृत्यूला ५,००० आणि जबर दुखापतीला १,००० रुपये मिळू लागले.

आणि किरकोळ जखमेला? शून्य. जुन्या दंड संहितेतली ती रेघ इथे प्रथमच थेट पैशांच्या हिशेबात आली. अज्ञात गाडीच्या प्रकरणात जबर दुखापतीचा अर्थ दंड संहितेतल्याप्रमाणेच घ्यायचा असं ठरलं. तुरुंगाचे महिने मोजायला काढलेली रेघ जखमी माणसाचे रुपये मोजायला वापरली जाऊ लागली.

१९८८ साली नवा मोटार वाहन कायदा झाला. १९९४ च्या दुरुस्तीत एक तक्ता आला, दुसरं परिशिष्ट. त्यात वेदनांची किंमत स्वच्छ आकड्यांत लिहिली होती. गंभीर जखमेच्या वेदनांना ५,००० रुपये आणि गंभीर नसलेल्या जखमेच्या वेदनांना १,००० रुपये. औषधपाण्याचा खर्च बिलं दाखवून, पण जास्तीत जास्त १५,०००. हे आकडे चोवीस वर्षं तसेच राहिले. या काळात तांदूळ, तेल, एसटीचं तिकीट आणि डॉक्टरांची फी किती पटींनी वाढली ते तुम्हाला सांगायला नको.

२२ मे २०१८ रोजी तो तक्ता बदलला. मृत्यूला ५ लाख, कायमच्या अपंगत्वाला टक्केवारीप्रमाणे पण किमान ५०,००० आणि किरकोळ जखमेला सरसकट २५,००० रुपये. दरवर्षी ५ टक्के वाढही ठरली. चूक सिद्ध न करता किरकोळ जखमेलाही सरसकट भरपाई, असं कायद्यात प्रथमच स्पष्ट लिहिलं गेलं.

ते टिकलं मात्र चारच वर्षं. २०१९ साली कायद्यात पुन्हा मोठी दुरुस्ती झाली. तिचा भरपाईचा भाग १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. आता चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि जबर दुखापतीला अडीच लाख रुपये मागता येतात. अज्ञात गाडी असेल तर मृत्यूला २ लाख आणि जबर दुखापतीला ५०,०००. रकमा वाढल्या, चांगलं झालं. पण जुना तक्ता गेला आणि त्याबरोबर किरकोळ जखमेचे २५,००० ही गेले. चूक न पाहता मिळणाऱ्या पैशांत किरकोळ जखम पुन्हा शून्यावर आली.

याचा अर्थ किरकोळ जखमीला काहीच मिळत नाही असा नाही. तिला कलम १६६ खाली न्यायाधिकरणात दावा लावता येतो. तिथे मात्र चालकाची चूक दाखवावी लागते. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदतही पुन्हा आणली. मधल्या काळात, १९९४ पासून, अशी मुदत नव्हती.

इतर देशांत काय झालं

ही ओढाताण फक्त आपल्याकडे नाही. कॅनडा देशात ऑन्टारिओ नावाचा प्रांत आहे. तिथे २०१० साली ‘किरकोळ इजा’ अशी वेगळी वर्गवारी केली. मुरगळणं, लचकणं, मुका मार, खरचटणं, मान झटकली जाणं, हे सगळं त्यात टाकलं आणि उपचाराची मर्यादा ३,५०० डॉलर ठेवली. तेव्हापासून तिथे वाद होतो तो आपली इजा या कप्प्यात बसते की बाहेर, यावर. इंग्लंड आणि वेल्समध्ये गाडीच्या धक्क्याने मान झटकली गेली तर दुखणं किती महिने टिकलं यावर रक्कम ठरते. २०२१ साली हा तक्ता आला तेव्हा तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड ठरले होते. ही रक्कमही फार कमी आहे, अशी तिथे तक्रार झालीच.

तरी एक फरक पाहा. तिथे निदान दुखण्याचा काळ मोजला जातो. आपल्याकडेही काळ मोजायची रीत होती, पण ती कामगारांसाठी. गिरण्यांच्या जमान्यात, १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात तात्पुरत्या अपंगत्वालाही पैसे होते. कामगार किती दिवस कामावर येऊ शकला नाही ते मोजायचं. सुरुवातीला दहा दिवसांपेक्षा जास्त खाडा झाला तरच भरपाई मिळे. पुढे ती अट तीन दिवसांवर आली. गिरणीत हजेरीपट होता, म्हणून खाडा मोजता आला. आपल्या चुलीपुढे, विहिरीवर, शेतात आणि गोठ्यात हजेरीपट कुणी ठेवला?

बाईच्या कामाचा भाव

आता खरा मुद्दा येतो. १९९४ च्या त्याच तक्त्यात आणखी एक ओळ होती. ज्याला कमाई नाही त्याचं उत्पन्न वर्षाला १५,००० रुपये धरावं. आणि कमाई नसलेल्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्या जोडीदाराच्या एक तृतीयांश धरावं. लिहिताना ‘जोडीदार’ लिहिलं होतं, पण व्यवहारात ती ओळ कुणाला लागू होणार होती ते उघड आहे. नवरा महिन्याला सहा हजार कमावत असेल तर बाईच्या दिवसभराच्या राबण्याचे दोन हजार. नवऱ्याची कमाई कमी, तर तिच्या कामाचा भावही कमी. भाकऱ्या तेवढ्याच, हंडे तेवढेच, पण हिशेब नवऱ्याच्या पगारावर.

कोर्टांनी हळूहळू हा हिशेब बदलायला घेतला. १९८९ च्या मार्च महिन्यात जमशेदपूरला एका कार्यक्रमात मोठी आग लागून बायका-मुलं दगावली होती. त्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणींच्या कामाचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. जुलै २०१० मध्ये एका गृहिणीच्या अपघाती मृत्यूच्या खटल्यात न्यायमूर्ती गांगुली यांनी जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत स्वयंपाक, भांडी, मुलं, पाणी, सरपण हे सगळं करणाऱ्या बायकांना ‘काम न करणारे’ या गटात टाकलं होतं. भिकारी आणि कैदी ज्या गटात होते, त्याच गटात. न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं.

पुढे ५ जानेवारी २०२१ च्या निकालात न्यायमूर्ती रमणा यांनी सरकारच्याच २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचे आकडे घेतले. घरच्या बिनपगारी कामात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवते, पुरुष ९७ मिनिटं. २९९ मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच तास. गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरणं ही मेहेरबानी नाही, तिच्या श्रमाची ती ओळख आहे, असा त्या निकालाचा सूर आहे.

हे निकाल मुख्यतः मृत्यूच्या प्रकरणांतले आहेत. बाई गेल्यावर तिच्या कामाचा भाव ठरला. ती जिवंत असेल, पण महिनाभर वाकता येत नसेल, तर? त्यासाठी ऑक्टोबर २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल उपयोगाचा आहे. न्यायमूर्ती रवींद्रन आणि न्यायमूर्ती गोखले यांच्या पीठाने सांगितलं, की अवयवाचं अपंगत्व किती टक्के ते डॉक्टर सांगतील, पण त्याने माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते न्यायाधिकरणाने पाहायचं. डावा हात गेला तर सुतार किंवा गाडीचालकाचं सगळं काम जातं. कचेरीतला कारकून कदाचित नोकरीत टिकून राहतो. इजा तीच, नुकसान वेगळं. याच निकालात साध्या जखमांसाठी काय मिळावं तेही सांगितलं आहे. औषधोपचार, प्रवास, पौष्टिक आहार यांचा खर्च, उपचाराच्या काळात बुडालेली कमाई आणि वेदनांबद्दल रक्कम.

म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलं आहे. पण दारातून आत जायला कागद लागतो.

हाडाला एक्स-रे आहे, दिवसांना काय?

समजा, एका मिनीडोरमधून दोघी बाजाराला निघाल्या आणि मागून गाडीने धडक दिली. एकीच्या हाताची करंगळी मोडली. दुसरीच्या कमरेला मुका मार लागला, हाड कुठेच मोडलं नाही. पहिलीची करंगळी तीन-चार आठवड्यांत जुळून आली. दुसरी दीड महिना खाली बसू शकली नाही, हंडा उचलू शकली नाही, लावणीला जाऊ शकली नाही. पापड लाटायचं काम गेलं ते वेगळंच.

पहिलीची दुखापत कायद्याने जबर, कारण हाड मोडलं. एक्स-रे तिचा साक्षीदार. दुसरीची पहिल्या दिवशीच ‘साधी’ म्हणून लिहिली जाते, कारण त्या दिवशी सूज आणि खरचटण्याखेरीज काही दिसत नाही. पण आठवा प्रकार आठवा. पंधरा दिवस तीव्र वेदना, किंवा पंधरा दिवस नेहमीचे व्यवहार करता न येणं. कायदा ‘नोकरी’ म्हणत नाही, ‘मजुरी’ म्हणत नाही. ‘नेहमीचे व्यवहार’ म्हणतो. बाईचे नेहमीचे व्यवहार म्हणजे चूल, पाणी, शेत, गुरं, मुलं. तेव्हा ही दुसरी बाईसुद्धा जबर दुखापतीच्या रेघेपलीकडे जाऊ शकते. फक्त ते दिवस दाखवता आले पाहिजेत. दवाखान्यात तेवढे दिवस पडून राहिलं एवढंही पुरत नाही. काम करता येत नव्हतं हे दिसलं पाहिजे.

आणि इथेच आपण कमी पडतो, कारण आपल्याला तशीच सवय लावली आहे. ‘काही नाही झालं मला, थोडं लागलंय,’ हे वाक्य आपल्या तोंडात बसलेलं. पोलीस विचारतात, डॉक्टर विचारतात, आपण हेच सांगतो. घरी येऊन हळद लावतो, शेक देतो, चार दिवसांनी दुखणं वाढतं तेव्हा मेडिकलमधून गोळी आणतो. पुन्हा दवाखान्यात जात नाही, कारण रिक्षाचे पैसे, कारण दिवस मोडतो. सहा आठवडे दुखलं, पण कागदावर एकच दिवस दुखलं. मग विमा कंपनीचा वकील तो एकच कागद पुढे करतो.

मग काय करायचं?

अपघात झाला तर मुका मार असला तरी त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि अपघाताची केस म्हणून नोंद करायला सांगा. जिथे जिथे दुखतं ते सगळं सांगा, नुसती रक्त येणारी जागा नको. डोक्याला, पोटाला मार असेल, चक्कर येत असेल, बाई गरोदर असेल तर ते आधी सांगा. एक्स-रे काढला तर त्याचा अहवाल जपून ठेवा. दुखणं थांबलं नाही तर पुन्हा जा आणि प्रत्येक वेळी केस पेपरवर तारीख आणि तक्रार लिहून घ्या. ‘विश्रांतीचा सल्ला’ किती दिवसांचा, ते डॉक्टरांना लिहायला सांगा. पहिल्या दाखल्यात ‘साधी’ लिहिलं आणि नंतर तपासणीत काही निघालं, तर तो नवा कागद तपासी अंमलदाराला नेऊन द्या. गाडीचा नंबर, एफआयआरची प्रत, औषधांची बिलं, रिक्षाच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. घरकामाला, शेताला बदली बाई लावली असेल तर तिला दिलेल्या पैशांची चिठ्ठी करून सही घ्या.

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारची रोकडविरहित उपचाराची योजना आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नेमलेल्या रुग्णालयात. त्याची विचारणा करायला विसरू नका. गाडी पळून गेली असेल तर अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा असतो.

चूक न पाहता मिळणारी रक्कम स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. म्हणून कुठेही अंगठा किंवा सही करण्याआधी वकिलाला विचारा. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि १५१०० हा फोन नंबर त्याच कामासाठी आहे.

आणखी एक समज दूर करू. आपल्या गटातल्या बऱ्याच जणींच्या बँक खात्यातून दरवर्षी २० रुपये कापले जातात. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, २०१५ साली १२ रुपयांवर सुरू झालेली. मृत्यूला २ लाख, दोन्ही डोळे किंवा दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर १ लाख. हात मोडला, कंबर लचकली, टाके पडले, यासाठी तिच्यात एक रुपया नाही. शेतकऱ्यांसाठी असलेल्या गोपीनाथ मुंडे योजनेचंही तसंच आहे. या योजना वाईट नाहीत, चालू ठेवा. पण ‘माझा विमा आहे’ म्हणून निर्धास्त राहू नका. मोडलेल्या हाताचे आणि मुक्या माराचे पैसे धडक देणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून येतात. ते मागावे लागतात, आपोआप खात्यात पडत नाहीत.

मैत्रिणींनो, गिरणी कामगाराच्या खाड्याला मुकादमाचा हजेरीपट साक्ष होता. आपल्याला तो आपणच तयार करावा लागेल. बचत गटाच्या वहीत आपण दर महिन्याला कुणी किती रुपये भरले ते लिहितो. गटातली कुणी अपघातात सापडली तर त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागा. अमुक तारखेला अपघात. आज तिला उठून बसता येत नाही. आज पाणी शेजारणीने भरलं. आज लावणीला गेली नाही, मजुरी बुडाली. खाली दोघींच्या सह्या. केस पेपरला या वहीची जोड असली, की बाईचे दिवस तोंडी राहत नाहीत. हे लिहायला फार शिक्षण लागत नाही. पंधरा दिवस रोज एक ओळ लिहिली तरी पुरे. ही गोष्ट पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा, आणि वहीची मागची दोन पानं आजच कोरी राखून ठेवा.